माजघरातला वरचा सा

बाजारात कैरी आली की माझा घसा बसतो. डॉक्टर म्हणतात, या वयात हवा पालटली की होतं असं. मी मान डोलावते. डॉक्टरांना सगळं सांगायची माझी रीत नाही. हा घसा गेली सत्तर वर्षं चैत्रात नेमानं बसतो आहे, कारण मीच त्याला तशी सवय लावली आहे. चैत्रगौर बसली की त्यानंही बसायचं. नाहीतर कुणीतरी म्हणणार, ‘आजी, एक गाणं होऊन जाऊ द्या.’

यंदा ते माझ्या नातीनं म्हटलं. सई इंदूरला नोकरी करते आणि शनिवारी संध्याकाळी गिटार घेऊन कुठल्याशा कॉफीच्या दुकानात गाते. त्याला ओपन माईक म्हणतात.

“बोलावणं नाही, काही नाही. नाव सांगायचं आणि गायचं. जो आएगा वो गाएगा,” ती म्हणाली. “तू पण ये ना आजी. बाबा सांगतात, तू एकदम फेमस होतीस.”

“आणि बेसूर गायलं तर?”

“तरी टाळ्या वाजवतात. सगळे इतके स्वीट असतात ना.”

मला त्या दुकानाची काळजीच वाटली. आमच्या धारच्या बायका स्वीट नव्हत्या. त्या ओटीतले भिजवलेले हरभरे एकेक करून तोंडात टाकत ऐकायच्या, आणि सूर हलला की चावणं थांबवायच्या. तेवढंच. पण ते थांबलेलं चावणं अंगावर काटा आणायचं.

सईला वाटतं हे असलं गाणं तिच्या पिढीनं शोधून काढलं. चैत्र तृतीयेला गौर झोपाळ्यात बसायची ती अक्षय तृतीयेपर्यंत. त्या महिन्याभरात धारच्या मराठी घरांत आज या घरी, उद्या त्या घरी हळदीकुंकू. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, दरबार गेला होता, पण दरबारी बायकांचा थाट काही विलीन झाला नव्हता. दुपारी उन्हं कलली की पैठण्या निघायच्या. दारात वाळ्याचे पडदे, त्यांवर पाणी मारलेलं, त्या ओल्या वाळ्याचा वास, मोगऱ्याचा वास, आणि पैठणीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास. हे तीन वास एकत्र झाले की तो आमचा चैत्र. गौरीपुढे कलिंगडाची कमळं, करंज्या, कैरीची डाळ, पन्ह्याचे पेले. ओट्या भरून झाल्या की यजमानीण म्हणणार, “हं, कोण म्हणतंय गाणं?” आणि मग ज्या बाईला हौस असेल तिनं तीन वेळा नाही म्हणून चौथ्यांदा पेटी पुढे ओढायची. ना तिकीट, ना बिदागी. सईच्या भाषेत सगळं फ्री.

मी तीन वेळा नाही म्हणत नसे. एकदाच म्हणत असे, तेही पेटीचा भाता उघडता उघडता.

सोळा वर्षांची होते. दोन वेण्या, त्यांत एक मुद्दाम पुढे घेतलेली. मला स्वतःबद्दल जे वाटत होतं ते मला पुन्हा कधी कुणाबद्दल वाटलं नाही, नवऱ्याबद्दलसुद्धा. सरदारपूरचे मामलेदार धारला बदलून आले होते, त्यांची बायको नाकात गायची. ती गायला लागली की मी पदराआड तोंड करून हसत असे. हसू लपवायला नव्हे, मी हसते आहे हे सगळ्यांना नीट दिसावं म्हणून. तिसऱ्या हळदीकुंकवानंतर त्या बाई गायच्या बंद झाल्या. मला वाटलं, आपण संगीताची सेवा केली.

माझा स्वतःचा आवाज पंचमापर्यंत बरा होता. त्याच्या पुढे गेला की चिरका व्हायचा, आणि वरच्या सा ला तर मडकं फुटावं तसा फुटायचा. तरी सगळ्या धारभर माझा वरचा सा गाजत होता. कसा, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या घरी गोदाआत्या होती. माझ्या वडिलांची, आबांची धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली, तेव्हा एक ट्रंक आणि गवसणीतला एक तानपुरा घेऊन आली. लहानपणी ती दरबारातल्या एका म्हाताऱ्या गवयापाशी शिकली होती. आल्या दिवशी तानपुरा माजघरातल्या खुंटीला लावला तो तिथंच. मी सोळाची होते तेव्हा आत्या पंचवीस वर्षांची होती, म्हणजे आज सई आहे तिच्याहूनही लहान. हे वाक्य मी आत्ताच पहिल्यांदा लिहिलं. आम्हाला ती म्हातारी वाटायची, कारण ती पांढरं नेसायची आणि कुणी तिला वय विचारायचं नाही.

हळदीकुंकवात विधवेनं बाहेर यायचं नाही. पण कैरीची डाळ कुणीतरी वाटायला हवी ना. आत्याच्या हाताची डाळ नावाजलेली, ना पिठासारखी, ना दाणे राहिलेली. म्हणून ज्या घरी हळदीकुंकू त्या घरून निरोप यायचा, “गोदूला पाठवा हं जरा.” त्यामुळे पुढल्या दालनात कुणीही गावं, आतल्या दाराशी पाटा-वरवंट्यामागे आत्या असायचीच. तिच्या हातची डाळ सवाष्णींना चालायची. ती स्वतः चालायची नाही.

पहिल्यांदा घडलं ते आमच्याच घरी. मी गात होते, पेटीवर बोटं पळत होती, आणि ऐटीत इतकी वर गेले की परत यायला वाट राहिली नाही. वरचा सा समोर आला. आता मडकं फुटणार, इतक्यात आतून तो सूर आला. वरवंटा चालूच होता. आत्यानं काही ठरवून केलं नसणार. भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली की आपण जाताजाता सरळ करतो, तसं तिनं केलं. दार अर्धं लोटलेलं, माझं तोंड उघडं. सूर सबंध दालनात पसरला आणि बायकांचं चावणं थांबलं ते वेगळ्याच कारणानं.

“काय आवाज आहे हो पोरीचा,” कुणीतरी म्हणालं.

मी डोळे मिटून घेतले. नम्रतेनं नव्हे. उघडे ठेवले असते तर ते दाराकडे गेले असते.

त्या दिवसापासून आमचा नेमच झाला. याबद्दल आम्ही दोघी एकमेकींशी कधी एक अक्षर बोललो नाही. मी फक्त दाराच्या जवळ बसायला लागले. वरचा सा आला की हात उचलायचा, मान किंचित तिरकी, तोंड मोठं. आरशासमोर सराव केला मी त्याचा. लोक गळ्याची मेहनत करतात, मी जबड्याची केली. आत्या सूर द्यायची आणि मी तो गिळायची, आणि गिळून पुन्हा आपलाच म्हणून वाढायची. त्या वर्षी धारला ‘कुमुदचा सा’ असा शब्दच पडला होता.

चैत्राचे दोन आठवडे गेले असतील. कुणाच्या तरी ओळखीनं देवासहून एक बाई आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या. तिथल्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई. लग्न न केलेल्या, उंच, पदराला घड्याळ टाचलेलं. त्या हरभरे खात नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. गाणं झाल्यावर त्या माईला, म्हणजे माझ्या आईला म्हणाल्या, “आमच्या शाळेला गाण्याच्या बाई हव्यात. राहायला खोली आहे, विहिरीजवळ. एकटीदुकटी, गरजू, चांगल्या घरातली असली तर उत्तमच. असं कुणी सापडेल म्हणून हिंडते आहे.”

आतला वरवंटा थांबला.

तो आवाज दुपारभर चालू असायचा, इतका की तो आहे हे कुणाला कळतही नसे. थांबल्यावर मला कळलं. मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या.

“तो वरचा सा कुणी लावला ग?”

साधा प्रश्न. दार दोन हातांवर. दारापलीकडे एक बाई हात डाळीनं पिवळे करून श्वास धरून बसलेली. तिला उठून बाहेर येता येत नव्हतं, तिच्या वतीनं मला फक्त बोट दाखवायचं होतं.

“मीच,” मी म्हणाले.

थोडा वेळ गेला. मग वरवंटा पुन्हा सुरू झाला, पहिल्याच लयीत.

“तू लहान आहेस,” मोठ्या बाई म्हणाल्या. “उद्या लग्न होऊन जाशील. पण सूर असा लागणारी मी पाहिली नाही. अक्षय तृतीयेला माझ्याकडे देवासला हळदीकुंकू आहे, तेव्हा ये. पुन्हा ऐकीन म्हणते.”

त्या संध्याकाळी आत्या माझी वेणी घालत होती. केस विंचरून झाले. मग म्हणाली, “खोली विहिरीजवळ आहे म्हणाल्या ना?”

“हो.”

“म्हणजे पाण्याची ददात नाही,” ती म्हणाली आणि वेणीला रिबीन बांधली. घट्ट नाही, सैल नाही. नेहमीसारखी.

मला त्या क्षणी काय वाटलं, हे इथं काहीतरी बरं लिहून टाकावं असा मोह होतो आहे. पण खरं सांगते, मला एवढंच वाटलं की ही देवासला गेली तर माझं कसं होणार.

आणि देवासला जाताना मला ती हवी होती. माई म्हणाली, “वन्सं कशाला? सणासुदीचं, परक्यांच्या घरी?” मी दोन दिवस जेवले नाही. तानपुऱ्याशिवाय गाणार नाही म्हटलं, आणि तानपुरा आत्याशिवाय कुणाला धरता येत होता? शेवटी आबा वैतागून म्हणाले, “जाऊ दे तिला. आत बसेल.” आत्यानं खुंटीवरून तानपुरा काढला, सहा वर्षांची धूळ पुसली. तारा बदलल्या. त्या रात्री तिनं आपल्या दोन पांढऱ्या लुगड्यांतलं बरं लुगडं धुऊन उशीखाली घडी घालून ठेवलं. इस्त्रीसाठी. मी पाहिलं ते, आणि मला हसू आलं. आत बसणाऱ्या बाईचं लुगडं कोण बघणार?

धारहून इंदूर, इंदूरहून देवास, दोन मोटारी. कंडक्टर तानपुऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “बई, इनी तुंबड़ी को बी टिकट लागेगो.” सगळी गाडी हसली. आत्याही हसली. ती हसली की तिला उजव्या गालावर खळी पडते, हे मला तेव्हा कळलं. देवासची टेकडी दिसू लागली तशी ती खिडकीला चिकटली. गावात शिरल्यावर तिनं कुणालाच उद्देशून नाही असं विचारलं, “शाळा कुठली असेल?” माई म्हणाली, “तुम्हाला काय करायचंय?”

मोठ्या बाईंचं घर बायकांनी भरलं होतं. देवास संस्थानाच्या दोन्ही पात्यांच्या घराण्यांतल्या बायका, थोरल्या पातीच्या एकीकडे, धाकट्या पातीच्या दुसरीकडे. एका गावात दोन राज्यं नांदवलेल्या त्या बायका, परक्या पोरीची गय करणाऱ्यातल्या नव्हत्या. आत्याला बाजूच्या खोलीत वाळ्याच्या पडद्यामागे बसवलं. तानपुरा झणकारू लागला. तसा लागलेला तानपुरा मी त्याआधी ऐकला नव्हता. आपल्या घरात सहा वर्षं खुंटीला काय टांगलं होतं ते मला कळलं आणि मी लगेच विसरले, कारण बायका माझ्याकडे बघत होत्या.

मी गायले. पंचमापर्यंत छान. मग वर, आणखी वर. हात उचलला, मान तिरकी केली, डोळे मिटले, तोंड उघडलं.

काही आलं नाही.

तानपुरा चालू होता. मी तोंड उघडं ठेवून थांबले. सवयच तशी होती, श्वाससुद्धा घेतलेला नव्हता. एका लहान मुलीचा आवाज आला, “आई, ती जांभई देते आहे.” मी घाईनं स्वतःचा सूर काढला, आणि मडकं फुटलं, ते असं की मागच्या अंगणातला कुत्रा भुंकला.

मी पुष्कळदा विचार करते, आत्यानं हे सूड म्हणून केलं का. नसावं. तिनं हिशेब केला होता. वरचा सा नाही आला, तर कुणीतरी विचारील, परवा आला होता तो कुठून आला होता? एवढ्या कानाच्या बायका. तिनं आपलं सगळं त्या एका गप्प राहण्यावर लावलं होतं. धुतलेलं लुगडं त्यासाठी होतं. पडदा सरकेल, कुणी म्हणेल, बाहेर या.

बायकांनी विचारलं नाही. त्यांनी मिरच्या आणल्या.

“दृष्ट लागली हो पोरीला,” एक म्हातारी म्हणाली. मीठ-मोहऱ्या आल्या, माझ्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका उठला नाही, तेव्हा तर खात्रीच पटली. मग त्याच म्हातारीचं लक्ष पडद्याकडे गेलं. “आत कोण बसलंय?”

“आमच्या वन्सं,” माई खाली मान घालून म्हणाली.

“पांढरं कपाळ आत बसवलंय आणि सवाष्णींत पोरीला गायला लावता? मग घसा जाईल नाही तर काय होईल?”

तानपुरा थांबला. आत्या उठली, तो उराशी धरून मागच्या दारानं बाहेर गेली आणि विहिरीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. भर उन्हात. सगळ्या बायकांना बरं वाटलं. मलाही. मी बेसूर नव्हते, मला दृष्ट लागली होती.

मोठ्या बाई मात्र मिरच्यांकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, हळू आवाजात म्हणाल्या, “कुमुद, तुझ्या आत्याला गाणं येतं का ग?”

म्हणजे विचारलं कुणीतरी. आत्याचा हिशेब चुकला नव्हता. फक्त विचारलं मला.

खिडकीतून आत्या दिसत होती. तिनं एका हातानं तानपुऱ्यावर पदर धरला होता, उन्हानं तारा उतरू नयेत म्हणून. मी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “थोडंसं. तानपुरा धरते.”

मोठ्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना खरं कळलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. कळलं असेल तर त्याही खिडकीपर्यंत गेल्या नाहीत. त्यांच्या घरात चाळीस बायका बसल्या होत्या आणि चुलीत मिरच्या जळत होत्या.

परतीच्या मोटारीत आत्या खिडकीशी बसली नाही. मी घाबरून तिच्या शेजारी बसले. इंदूर जवळ आल्यावर ती म्हणाली, “कुमे, वर जाताना श्वास राखून ठेवत जा. तुझा सगळा श्वास हात उचलण्यात जातो.” बस्स. मला तिनं शिकवलेलं तेवढंच. मी ते शिकले नाही.

पुढल्या चैत्रात तिनं डाळ वाटली, सूर दिला नाही. दिला नाही म्हणून माझं काही बिघडलं नाही. दृष्टीची गोष्ट धारभर झाली होती, आणि दृष्ट लागली म्हणजे आवाज होताच, हे सिद्ध झालं. त्याच कीर्तीवर माझं लग्न जमलं. देवासलाच. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, “गाणारी सून आहे, पण घसा नाजूक.” मी तो नाजूक घसा आजवर सांभाळला. आत्या धारला पाटा-वरवंट्यापाशी राहिली. पुढे मिक्सर आला तेव्हा तिला करायला तेवढंही उरलं नाही. ती गेली तेव्हा तानपुऱ्याच्या भोपळ्याला भेग पडली होती. भावानं विचारलं, “तुला हवाय का?” मी म्हणाले, माझ्याकडे जागा नाही.

देवासचं माझं घर त्या शाळेच्या मागच्या गल्लीत. तिथं कोणी गाण्याच्या बाई लागल्या, मग दुसऱ्या लागल्या, पुढे तो विषयच बंद झाला. रोज सकाळी प्रार्थना ऐकू यायची. दोनशे मुली वरच्या सुराला एकदम घसरायच्या. मी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, “यांना कुणी नीट शिकवलंच नाही.” वर्षानुवर्षं म्हणायची. नवरा पेपर वाचता वाचता हो म्हणायचा.

परवा सई आली होती. तिला कॉफीच्या दुकानात माझी ओळख करून द्यायची आहे, माझ्या आजीचा सा सगळ्या धारला माहीत होता, असं काहीतरी. मी कैरी किसत होते. पाटा-वरवंटा आता कुणाकडे नाही. भिंतीवरच्या जुन्या फोटोत आमची सगळी माणसं आहेत. अगदी कडेला, दाराच्या चौकटीत, अर्धी कापली गेलेली आत्या.

“ही कोण गं?” सईनं विचारलं.

“माझी आत्या.”

“तिला पण गाणं यायचं?”

किसणी माझ्या हातात थांबली. सई वाट बघत होती. मी मान वर केली आणि तोंड उघडलं.

आतून कुणी सूर दिला नाही.